पाल दुधात पडली की दूध विषारी होतं का?

मे महिन्यात जळगाव आणि धुळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दिवसभर फोटोफ्रेममागे किंवा धाब्याच्या घरात लाकडांच्या फटीत दडलेल्या पाली संध्याकाळी ट्यूबलाईट लागली की बाहेर येतात. मनात आलेल्या संशयाला मराठीत 'शंकेची पाल चुकचुकली' म्हणतात. पण पालीबद्दलची सगळ्यात मोठी शंका विषाची असते.

पाल विषारी असते का?

नाही. घरातल्या पालीला विषग्रंथी नसतात. तरीही पाल पडलेलं अन्न खाऊ नये, कारण तिच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे जुलाब, उलट्या, पोटदुखी आणि ताप येतो. लहान मुलं आणि वृद्धांना हा त्रास जास्त होतो.

घरात कोणती पाल असते?

महाराष्ट्रातल्या घरांत नेहमी दिसणारी एक जात म्हणजे 'हेमिडॅक्टिलस फ्लॅविव्हिरिडिस'. तिचं पोट पिवळसर असतं. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ रूपेल यांनी १८३५ मध्ये तिचं वर्णन केलं, तेही आफ्रिकेतल्या मसावा बेटावरच्या नमुन्यावरून. मादी एका वेळी साधारण दोन, कडक कवचाची अंडी घालते.

ती छताला कशी चिकटते?

तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांवर अतिसूक्ष्म केस. 'टोके' या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे ५ लाख केस असतात. केसांची टोकं आणि भिंत यांच्या रेणूंमध्ये 'व्हॅन डर वाल्स' नावाचं आकर्षण तयार होतं. त्यात ना गोंद लागतो, ना हवेची पोकळी. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याचा पुरावा दिला.

ही युक्ती फार जुनी आहे. म्यानमारमधल्या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अशा पट्ट्या असलेला पालीचा पाय सापडला आहे. म्हणजे डायनोसॉरच्या काळातही पाली चढत होत्या.

शेपूट का तुटते?

शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. मांजर वळवळणाऱ्या शेपटीकडे बघत राहतं आणि पाल निसटते. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते.

मग काय करावं?

पाल पडलेलं अन्न टाकून द्या, भांडं साबणाने धुवा. कुणी ते खाल्लं असेल, तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. त्रास साधारण ६ तास ते ३ दिवसांत दिसू शकतो. तसं झाल्यास डॉक्टरांकडे न्या. आणि रात्री दूध झाकून ठेवा. दिव्याभोवतीचे किडे आणि डास खाणारी पाल भिंतीवर राहिली तरी चालेल.