सुटी आणि परवचा



परीक्षा संपते, दप्तर कोनाड्यात जाते. सुटीनंतर शाळा भरली की गुरुजी विचारतात, "सात नवे किती?" आणि मुलगा आढ्याकडे पाहू लागतो. यात त्या मुलाचे काही नवल नाही. अमेरिकेतील हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली अशा 39 अभ्यासांचा आढावा घेतला. उन्हाळ्याच्या सुटीत वाचनापेक्षा आकडेमोड अधिक विसरली जाते, असे त्यांना आढळले. आणि ते खरेच आहे. गोष्टीचे पुस्तक मूल कधी तरी हाती घेते; भागाकार आपण होऊन कोण करतो?

आपल्याकडे यावर जुनी तोड होती, ती म्हणजे परवचा. पंतोजींच्या काळी मूल धूळपाटीवर आकडे गिरवी आणि दिवेलागणीला पाढे म्हणायला बसे. एकाने सांगायचे, बाकीच्यांनी मागून म्हणायचे. ही चाल पुढे घरोघरच्या ओसरीवर टिकली. शाळेला सुटी असली, म्हणून दिवा लागायचा काही राहत नाही!

या पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असत. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोही असे. एवढे ओझे कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण त्या काळचा बाजार पाहा. रुपयाचे आणे 16, मणाचे शेर 40. आता 40 ला 16 ने भागा. उत्तर येते अडीच. म्हणजे मणाला जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेरांना. ज्वारी 18 रुपये मण असली, तर अडीच शेरांचे 18 आणे, म्हणजे एक रुपया दोन आणे. कागद नको, पेन्सिल नको. अडीचकी येणाऱ्याला दुकानदार सहसा फसवू शकत नसे.

तरी जुने ते सगळे सोने नव्हे. घोकंपट्टीला छडीची जोड असे, आणि पाढा घडघडा म्हणणाऱ्या मुलाला तो वापरायचा कुठे, हे पुष्कळदा कळत नसे.

पुढे 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले. 1958 च्या ऑक्टोबरपासून मण-शेर जाऊन किलोग्रॅम येऊ लागले. हिशेब सोपा झाला, ते बरेच झाले. पण अपूर्णांकांच्या पाढ्यांचा आधार गेला, आणि त्यांच्याबरोबर संध्याकाळची ती बैठकही हळूहळू मोडली.

एक जागा मात्र अजून शाबूत आहे, ती म्हणजे जमीन. एकराचे गुंठे आजही 40 च. अडीच गुंठे म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा, जुन्या भाषेत एक आणा. आणि गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. 1089 चौरस फूट. सुटीत मुलांना 33 फुटांची दोरी मोजून द्या, अंगणात किंवा खळ्यावर एक गुंठा आखू द्या. मग विचारा, दोन्ही बाजू 66 फूट केल्या तर गुंठे किती? पुष्कळ मुले "दोन" म्हणतील. तुम्ही लगेच उत्तर सांगू नका. उन्हे उतरली की तीच दोरी घेऊन त्यांना पुन्हा मोजायला पाठवा.