डिझेलमध्ये मिसळायची 'ताकद' : पिकअपधारकांनी काय घ्यावे, काय टाळावे?

नागपूर, प्रतिनिधी

कळमना बाजारात पहाटे संत्री आणि भाजीपाला घेऊन येणाऱ्या पिकअप गाड्या मोजू लागल्यास बोटे पुरणार नाहीत. काटोल, नरखेड, वरूड येथील माल शहरात आणणाऱ्या आणि वाडीच्या गोदामांतील माल गल्लीबोळांत पोचविणाऱ्या या गाड्यांवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. यांतील बहुतेक गाड्यांचा मालक हाच चालक असतो. बँकेचा हप्ता, विमा, टायर आणि डिझेल हा त्याचा महिन्याचा हिशेब. गाडी 'ओढत नाही', 'अॅव्हरेज' घसरले, सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला की सुट्या भागांच्या दुकानात त्याच्यापुढे एक बाटली येते. 'टाकीत ओता, पिकअप वाढेल, डिझेल वाचेल' असे आश्वासन तिच्यासोबत मिळते.

ही बाटली म्हणजे डिझेल अॅडिटिव्ह, अर्थात इंधनातील पूरकद्रव्य. ते निव्वळ थोतांड आहे असे म्हणता येत नाही आणि ते प्रत्येक दुखण्यावरील रामबाण उपायही नाही. कोणते द्रव्य कोणते काम करते आणि आपल्याकडील डिझेलला त्याची गरज किती, हे समजून घेतल्यास खिशातील पैसा आणि इंजिन दोन्ही वाचू शकतात.

पूरकद्रव्यांचे प्रकार

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा दाबून प्रचंड तापवली जाते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा सोडताच ते पेट घेते. फवारा सुटणे आणि पेट घेणे यांतील अवधी जितका कमी, तितके ज्वलन सुरळीत. हा गुण 'सीटेन' अंकाने मोजतात. तो वाढविणाऱ्या द्रव्यांत २-इथाइलहेक्झिल नायट्रेट हे सर्वाधिक वापरले जाणारे रसायन होय. हजार लिटर डिझेलमागे लिटरभर मात्रेनेही सीटेन अंक काही अंशी वाढतो. त्यामुळे थंड इंजिन लवकर सुरू होते आणि खडखडाट कमी होतो. मात्र सीटेन अंक म्हणजे डिझेलमधील ऊर्जा नव्हे. अंक वाढला म्हणून लिटरभर डिझेलमधील उष्णता वाढत नाही.

दुसरा प्रकार स्वच्छताकारक द्रव्यांचा. आधुनिक कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड हजार बारहून अधिक दाबाने सोडले जाते आणि इंजेक्टरची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक असतात. त्यांवर काजळी किंवा राळेसारखा थर बसला की फवारा बिघडतो, ताकद घटते, धूर वाढतो. हा थर काढणारे वा बसूच न देणारे द्रव्य योग्य मात्रेत वापरल्यास गमावलेली ताकद परत मिळू शकते. 'परत मिळणे' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. इंजेक्टर मुळातच स्वच्छ असेल, तर स्वच्छताकारक द्रव्य नव्याने काही देत नाही.

तिसरा प्रकार वंगणगुण वाढविणाऱ्या द्रव्यांचा. डिझेल पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलमधूनच मिळते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील नैसर्गिक वंगणघटकही कमी होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांतच अशी द्रव्ये मिसळली जातात.

याखेरीज थंडीत डिझेल गोठू न देणारी, पाणी वेगळे करणारी आणि टाकीतील जिवाणूंची वाढ रोखणारी द्रव्येही असतात. नागपूरकराला यांतील पहिल्याची गरज जवळजवळ नाहीच. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. पण अशा रात्री अपवादात्मक. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत गाळणीतून वाहते राहिले पाहिजे. लेह-लडाखमधील ट्रकचालकाची अडचण विदर्भात उद्भवत नाही.

पंपावरील डिझेल कसे असते?

बाटलीवरील दाव्यांचे मोल ठरवायचे, तर मुळातले डिझेल कसे आहे हे पाहावे लागते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय डिझेल पार बदलले आहे. भारत स्टेज-२ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५०० भाग होती. स्टेज-३ मध्ये ती ३५०, स्टेज-४ मध्ये ५० आणि स्टेज-६ मध्ये अवघी १० झाली. सीटेन अंक स्टेज-२ मध्ये किमान ४८ होता. स्टेज-३ पासून तो किमान ५१ आहे.

एप्रिल २०१० मध्ये स्टेज-४ इंधन देशातील तेरा प्रमुख शहरांत आले. मुंबई, पुणे आणि सोलापूर त्या यादीत होते, नागपूर नव्हते. संपूर्ण देशात स्टेज-४ लागू झाले १ एप्रिल २०१७ रोजी आणि त्यानंतर तीनच वर्षांत, १ एप्रिल २०२० पासून, स्टेज-६ आले.

अमेरिकेतील मोठ्या पिकअप ट्रकच्या मालकांमध्ये पूरकद्रव्यांचे बरेच प्रस्थ आहे आणि तेथील सल्ले आपल्याकडेही जसेच्या तसे वाचले-पाहिले जातात. परंतु अमेरिकी मानकात डिझेलचा सीटेन अंक किमान ४० एवढाच आहे. वंगणगुणाच्या चाचणीतही झिजेचा डाग तेथे ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो. भारतात आणि युरोपात ही मर्यादा ४६० मायक्रॉन आहे. ४० सीटेनच्या डिझेलमध्ये सुधारक द्रव्य टाकले तर फरक जाणवणे स्वाभाविक आहे. ५१ च्या डिझेलमध्ये तोच फरक जाणवेल असे गृहीत धरणे चूक ठरते.

तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचविण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने आणि द्रव्ये तपासली. त्यांतून लक्षणीय बचत देणारे काही हाती लागले नाही. या संस्थेकडे द्रव्याची नोंदणी होते ती आरोग्य व उत्सर्जनविषयक माहितीसाठी. तिचा अर्थ उपयुक्ततेची शिफारस असा होत नाही. बाटलीवर 'नोंदणीकृत' असे छापलेले दिसल्यास हे ध्यानात घ्यावयास हवे.

तेलकंपन्यांचे 'खास' डिझेल

पूरकद्रव्य मिसळलेले डिझेल पंपावर मिळणे नवे नाही. इंडियन ऑइलचे 'एक्स्ट्रामाइल', हिंदुस्थान पेट्रोलियमचे 'टर्बोजेट' ही नावे २००० नंतरच्या दशकात वाहनधारकांच्या तोंडी बसली होती. पुढे साधे आणि खास डिझेल यांच्या दरांतील अंतर वाढले आणि त्यांचा खप ओसरला. अशा इंधनाचा एक लाभ निर्विवाद आहे : मिश्रण कारखान्याच्या वा डेपोच्या पातळीवर मोजून-मापून होते. टाकीत अंदाजाने बाटली ओतण्यापेक्षा ते केव्हाही सुरक्षित.

नागपूरचा एक मोठा प्रयोग

पूरकद्रव्य खरोखर किती निर्णायक ठरू शकते याचे उदाहरण नागपूरच्याच रस्त्यांवर धावले आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने शहरात स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी 'ग्रीन बस' सुरू झाली. इथेनॉलचा सीटेन अंक अत्यंत कमी असल्याने ते डिझेल इंजिनात आपोआप पेट घेत नाही. म्हणून त्यात सुमारे ५ टक्के ज्वलनसुधारक मिसळले जाते. 'ईडी-९५' या नावाने हे इंधन ओळखले जाते. तेवढेही पुरत नाही. इंजिनातील दाबाचे गुणोत्तर २८ च्या घरात न्यावे लागते, जे नेहमीच्या डिझेल इंजिनात साधारण १८ असते. ही बससेवा २०१८ मध्ये बंद झाली.

या प्रयोगातून घ्यायचा धडा असा : इंधन, पूरकद्रव्य आणि इंजिन ही तिन्ही एकमेकांसाठी घडविली तरच रसायन काम करते. युरोपातही प्यूजो कंपनीने २००० मध्ये '६०७' या मोटारीत धूरकण गाळणी बसविली, तेव्हा गाळणीतील काजळी जाळण्यासाठी सीरियमयुक्त द्रव्याची स्वतंत्र टाकी दिली आणि त्याची मात्रा यंत्राने ठरविली. बाजारातील कोणतीही बाटली कोणत्याही गाडीत, हा त्याच्या नेमका उलट प्रकार होय.

गाडी का ओढत नाही?

ताकद घटण्याचे कारण पुष्कळदा डिझेलमध्ये नसतेच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. २० अंशांच्या तुलनेत त्या तापमानाला हवा सुमारे ८ टक्के विरळ होते. इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी मिळतो. टर्बो आणि इंटरकूलर ही उणीव काही अंशी भरून काढतात. पण इंटरकूलरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकले असतील तर तेही थकतात. छिंदवाडा मार्गावरील सिल्लेवानी घाटात भरलेली गाडी उन्हात अधिक दमते ती यामुळे. बाटलीने हवा दाट होत नाही.

त्यामुळे आधी धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त : एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, इंजेक्टर तपासावेत. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा धूर टिकून राहिला तर न जळलेले डिझेल किंवा पाणी यांचा संशय घ्यावा. यांतील केवळ इंजेक्टरवरील थराच्या बाबतीत स्वच्छताकारक द्रव्याचा उपयोग संभवतो. झिजलेली रिंग वा फुटलेला पाइप रसायनाने दुरुस्त होत नाही. बाटल्यांवर विसंबून गॅरेजची वारी लांबवली, तर छोट्या दुरुस्तीचे मोठे बिल होते.

हिशेब मांडून पाहा

उदाहरणादाखल, एखादी पिकअप महिन्याला ३,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १२ किलोमीटर देते असे धरू. तिला २५० लिटर डिझेल लागेल. दर लिटरला ९० रुपये धरल्यास खर्च २२,५०० रुपये. पन्नास लिटरला पुरणारी बाटली ३०० रुपयांना असेल, तर महिन्याला पाच बाटल्या, म्हणजे १,५०० रुपये. एवढा खर्च भरून निघण्यासाठीच गाडीचे अॅव्हरेज १२ वरून जवळजवळ १२.९ वर जावे लागेल. बचत त्यानंतर सुरू होईल.

फरक पडतो की नाही हे तपासण्याची रीतही सोपी आहे. टाकी एकाच पंपावर, काठोकाठ भरावी. किलोमीटरची नोंद ठेवून पुन्हा काठोकाठ भरावी. अशा किमान चार-पाच टाक्या द्रव्याविना आणि तेवढ्याच द्रव्यासह, त्याच मार्गावर आणि साधारण तेवढ्याच वजनानिशी मोजाव्यात. गाडी दुसरा कोणी चालवीत असेल तर कोणत्या टाकीत काय आहे हे त्याला सांगू नये. बाटली टाकल्याचे ठाऊक असले की पाय आपोआप हलका पडतो आणि श्रेय रसायनाला जाते.

हे मुळीच करू नये

रॉकेल, पेट्रोल, थिनर, कापूर, डांबरगोळ्या, वापरलेले इंजिन ऑइल हे 'गावठी' उपाय कॉमन रेल इंजिनाला घातक आहेत. रॉकेलचा वंगणगुण कमी; ते पंप आणि इंजेक्टर झिजविते. जुन्या ऑइलमधील धातूंची राख स्टेज-६ गाड्यांच्या धूरकण गाळणीत कायमची साचते. रॉकेलच्या भेसळीमागील अर्थकारण किती क्रूर असते हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले आहे. मनमाडजवळ पानेवाडी येथे भेसळीचा प्रकार पकडणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्या दिवशी जिवंत जाळण्यात आले.

दुसरी गफलत 'डीईएफ' द्रावणाची. ३२.५ टक्के युरिया आणि शुद्ध पाणी यांचे हे द्रावण डिझेलमधील पूरकद्रव्य नव्हे. ते ज्या गाड्यांना लागते, त्यांत त्याची टाकी वेगळी असते आणि ते धुराच्या मार्गात फवारले जाते. चुकून डिझेलच्या टाकीत पडल्यास गाडी सुरू करू नये. किल्लीही फिरवू नये. टाकी रिकामी करवून घ्यावी.

डिझेलच्या साठवणुकीबाबतही सावधगिरी हवी. डिझेल हे 'ब' वर्गातील ज्वालाग्राही पेट्रोलियम आहे. परवान्याविना २,५०० लिटरपर्यंत साठा करण्यास कायद्याची मुभा असली, तरी एका पात्रात १,००० लिटरहून अधिक ठेवता येत नाही. या नियमांची देशभरची अंमलबजावणी पाहणाऱ्या 'पेसो' या संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

ग्राहकाचे हक्क

डिझेलविषयी शंका असल्यास पंपावर घनता मोजून मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. १५ अंश तापमानाला रूपांतरित केलेली घनता नोंदीतील आकड्याहून दर घनमीटरला ३ किलोपेक्षा अधिक वेगळी असू नये. माप कमी वाटल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागावी. २५ मिलिलिटरपर्यंतचाच फरक ग्राह्य धरला जातो. गाळणकागदाची चाचणी पेट्रोलसाठी असते, डिझेलसाठी तिचा उपयोग नाही. पावती जपून ठेवावी. तक्रारीत तीच कामी येते.

थोडक्यात

गाडी नवी व हमीच्या मुदतीत असेल, तर वाहनाच्या पुस्तिकेत संमत नसलेले कोणतेही द्रव्य टाकू नये. इंजेक्टर सदोष झाल्यास हमी नाकारली जाण्याचा धोका असतो. गाडी जुनी असेल, इतर सर्व तपासण्या करूनही धूर आणि ताकदीची तक्रार उरली असेल, तर नामांकित उत्पादकाचे स्वच्छताकारक द्रव्य सांगितलेल्याच मात्रेत दोन-तीन टाक्या वापरून पाहण्यास हरकत नाही. मात्रा दुप्पट केल्याने गुण दुप्पट येत नाही. गाडी बराच काळ उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत बाष्प साचून पाणी होते. पावसाळ्यात वॉटर सेपरेटरमधील पाणी नियमित काढावे.

डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे, एअर फिल्टर स्वच्छ ठेवणे, टायरमध्ये नेमकी हवा, क्षमतेएवढेच वजन आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा संथ वेग हे उपाय जुनेच आहेत. मात्र त्यांतून होणारी बचत बाटलीतल्या आश्वासनासारखी संशयास्पद नाही.