ज्युपिटर आणि अँटिओपी

डच चित्रकार रेम्ब्रांट (1606–69) याने 1659 मध्ये केलेले अम्लरेखन. सॅटरचे (अर्धमानव-अर्धपशू वनचराचे) रूप घेऊन निद्रिस्त राजकन्या अँटिओपीजवळ आलेला देवराज ज्युपिटर हा या अम्लरेखनाचा रूढ विषय असून, रोमन कवी ऑव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ काव्याच्या सहाव्या खंडात, अॅरॅक्नी या विणकर स्त्रीने विणलेल्या वस्त्राच्या वर्णनात, या प्रसंगाचा ओझरता उल्लेख येतो. मात्र निद्रिस्त वनदेवता आणि सॅटर हा विषय प्रबोधनकाळापासून इतका रुळलेला होता, की समोरचा देव की वनचर, याचा निवाडा केवळ शीर्षकाच्या हवाल्यावर करणे धोक्याचे. अशी शीर्षके बहुधा नंतरच्या सूचिकारांचीच असतात. रचना इटालियन चित्रकार आन्नीबाले काराच्ची याच्या 1592 च्या मुद्राचित्रावरून घेतलेली आहे, आणि दिवाळे निघाल्यावर 1656 मध्ये झालेल्या रेम्ब्रांटच्या मालमत्तेच्या यादीत काराच्ची घराण्याच्या मुद्राचित्रांची नोंदही सापडते. उसनवारी असली तरी दृष्टी स्वतंत्र आहे : मस्तकामागे टाकलेला बाहू, किंचित विलग झालेले ओठ, गाढ झोपेने शिथिल झालेली काया यांमुळे आदर्श देवतेऐवजी एक हाडामांसाची स्त्री दिसते, आणि आम्लाने खोदलेल्या रेषांवर सुईने थेट कोरलेल्या मखमली रेषांची जोड देऊन साधलेल्या काळोखातून आच्छादन उचलणारा तो आगंतुक, कोमल वाटला तरी, अतिक्रमणच करीत असतो.