'पावसाळे पाहणे' : एका वाक्प्रचाराचा अर्थेतिहास

तरुणाच्या अननुभवाविषयी मराठीत जे वाक्प्रचार रूढ आहेत, त्यांतील बहुतेक शरीराकडे बोट दाखवतात. दुधाचे दात न पडणे, ओठ पिळल्यास दूध निघणे, मिसरूडही न फुटणे, या सर्वांत अननुभव देहाच्या कोवळेपणावरून ओळखला जातो. 'मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे अधिक पाहिले आहेत' हे विधान मात्र निराळ्या जातीचे आहे. ऐकणाऱ्याच्या शरीराचा येथे उल्लेखच नाही. बोलणाऱ्याने काय पाहिले, याची मोजदाद आहे.

या मोजदादीचे एकक पावसाळाच का, याचे उत्तर भाषेच्या इतिहासात सापडते. संस्कृतात 'वर्ष' म्हणजे पाऊस आणि संवत्सरही. 'अब्द' म्हणजे मेघ आणि वर्षही. ऋतूच्या नावाने अवघे वर्ष सुचविणारी ही लक्षणा होय. मराठीत 'वर्ष' हा शब्द निव्वळ कालमापनाचा उरला, त्यातील पाणी आटले. 'प्रावृष्'पासून आलेल्या 'पाऊस' या शब्दाने या वाक्प्रचारात ती रिकामी जागा पुन्हा भरली.

बौद्ध संघातही भिक्षूची ज्येष्ठता जन्मवयावरून नव्हे, उपसंपदेनंतरच्या वर्षावासांवरून ठरते. पाचांहून कमी वर्षावास झालेला 'नवक', दहा पूर्ण झालेला 'थेर'. उशिरा दीक्षा घेतलेला वृद्ध तेथे तरुण थेरापुढे कनिष्ठ ठरतो. मराठी वाक्प्रचार या प्रथेतून निघाला असे यावरून म्हणता येत नाही. परंतु पावसाळे मोजणे आणि वय मोजणे या दोन भिन्न गोष्टी असू शकतात, हे त्यावरून स्पष्ट होते.

हा भेद भातशेतीत प्रत्यक्ष दिसतो. वैभववाडीच्या परिसरातून करूळ आणि भुईबावडा हे घाट गगनबावड्याकडे चढतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुलखात खरिपाचे भात पावसाच्याच भरवशावर उभे राहते. रोहिणीत धूळवाफेवर पेरलेले बी मृगात रुजेल की पाऊस लांबून वाया जाईल, तरवा केव्हा काढावा, हळवे भात हस्ताच्या सरींत सापडण्यापूर्वी कापावे काय, हे निर्णय वर्षातून एकदाच घ्यावे लागतात. निर्णय चुकला तर पुढल्या पावसाळ्यापर्यंत दुरुस्ती नाही. वीस पावसाळे म्हणजे शिकण्याच्या वीसच संधी. येथे 'पाहणे' या क्रियापदाचा अर्थ नुसते साक्षी असणे नव्हे, तर पारखणे असा होतो.

रूढ वापरात हाच अर्थ निसटला. पारखण्याची अट गळाली आणि जगलेल्या वर्षांची बेरीज तेवढी उरली. 'गद्धेपंचविशी' हा शब्द माणूस मागे वळून स्वतःविषयीही वापरू शकतो. त्यात आत्मपरीक्षणाला वाव आहे. 'चार पावसाळे' हे शब्द मात्र थोरल्याने धाकट्यास ऐकवायचे असतात, आणि बहुधा वाद मिटविण्यासाठी नव्हे, तर थांबविण्यासाठी. अनुभवाचा दाखला अशा रीतीने अधिकाराचा दाखला बनतो. या अधिकाराला प्रश्न विचारण्यासाठी धाकट्याने वाक्प्रचार नाकारण्याचे कारण नाही. त्यातील क्रियापदाचा मूळ अर्थ मागून घेतला, म्हणजे पावसाळे किती गेले यापेक्षा त्यांत पाहिले काय, एवढे विचारले, तरी पुरे.