कमरेवरील कर्करोग आणि प्रतिकारशक्तीचा उपचार

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याचे धोतर हा वैद्यकाच्या इतिहासाचा विषय होऊ शकेल, असे सहसा कोणास वाटणार नाही. परंतु टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ‘धोतर-कर्करोगा’चे वर्णन आहे. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी वस्त्र काचत राहिले, म्हणजे तेथील त्वचा प्रथम खरखरीत होते, तिचा रंग जातो आणि क्वचित त्या जागी न भरणारा व्रण उद्भवतो. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही हाच प्रकार आढळला. पाश्चात्त्य ग्रंथांत त्वचेच्या कर्करोगाचे खापर मुख्यतः उन्हावर फोडलेले असे. येथे ते पेहरावाच्या सवयीवर आले.

हा रोग वेळीच ओळखला तर शस्त्रक्रियेने बरा होतो. अडचण वेळेची होती. मुंबईचे रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. रोग्याने मीटरगेज गाडीने मनमाड गाठावे व तेथे गाडी बदलावी, असा तो प्रवास होता. उशिरा येणाऱ्या रोग्यास देण्याजोगे वैद्यांजवळ फारसे काही नसे.

वस्तुतः शरीराच्या प्रतिकारशक्तीकरवीच कर्करोग हटविण्याची कल्पना जुनी होती. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांनी १८९१ पासून रोग्यांना मुद्दाम जंतू टोचून पाहिले. यश अनिश्चित राहिले. प्रतिकारक पेशींना आवरून धरणारे ‘लगाम’ जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांनी उलगडले (त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले), तेव्हा मार्ग मोकळा झाला. मेलॅनोमा या त्वचारोगावर इपिलिमुमॅब २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मेलॅनोमा भारतात विरळा. धोतर-कर्करोग ज्या शल्कपेशींच्या जातीचा असतो, तिच्यासाठी सेमिप्लिमॅब २०१८ मध्ये आले. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या सुमारे निम्म्या रोग्यांत त्याने गाठी आकसल्या.

परंतु अशा औषधांची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यातील नाही, आणि येथेच मुंबईच्या त्याच रुग्णालयाचे काम पुन्हा महत्त्वाचे ठरते. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रोग्यांवरील त्यांचा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. निव्होलुमॅबची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. तेथे दर तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम, पोटात घ्यावयाच्या स्वस्त औषधांच्या जोडीने, देण्यात आली. वर्षअखेर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष त्वचेच्या कर्करोगास तसाच लावणे घाईचे होईल. तथापि औषधाची मात्रा ही उत्पादकाने एकदा ठरविली म्हणजे कायमची ठरली, ही समजूत त्या प्रयोगाने मोडली, हे निश्चित.