देशातलं पहिलं नवोदय अन् आपली अमरावती
राजापेठच्या कोणालाही विचारा, विशेष सरकारी शाळा कुठं पाह्यजे? "शहरातच!" पण १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीत, तेव्हा हिशेब उलटा होता. हुशार पोरं खेड्यातही, चांगल्या शाळा मात्र शहरात. म्हणून शाळा निवासी अन् किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. जमीन राज्यानं फुकट द्यायची, तीही साधारण ३० एकर! राजापेठेत एवढी सलग जागा कुठून आणता? आज शाळा नवसारीला आहे. धारणी-चिखलदऱ्याहून तीही लांबच. वसतिगृह असलं तरी लेकराला भेटायला येणाऱ्या मायबापाची त्या दिवसाची मजुरी बुडते. पुढची शाळा परतवाड्याच्या पलीकडे काढा ना!