बोथट कोपऱ्याचा माणूस

आमच्या साहेबांनी एकदा भर शाखेत मला ‘ऑब्ट्यूस’ म्हटले. साहेब इंग्रजीत बोलले म्हणजे कौतुकच असणार, अशा समजुतीने मी ‘थँक्यू सर’ म्हणून मोकळा झालो. घरी डिक्शनरी उघडली. ऑब्ट्यूस म्हणजे बोथट, मंदबुद्धी! आणि खाली दुसरा अर्थ : विशालकोन. आता काय म्हणावे? जो कोन मराठीत विशाल, तोच इंग्रजीत बोथट!

भूमितीच्या भीतीने मी कॉमर्सला पळालो, पण इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यातसुद्धा भूमिती सोडत नाही. त्याचे दुखणे ‘अक्यूट’, म्हणजे टोकदार असते. लघुकोनाला तो तेच म्हणतो. विषय सोडून भरकटला की तो ‘टँजंट’वर जातो. टँजंट म्हणजे स्पर्श करणारी. वर्तुळाला एकदाच शिवून जी जाते ती कायमची. (आमच्या बँकेत असे पुष्कळ अधिकारी येऊन गेले.)

हे शब्द मूळचे लॅटिन. साध्या माणसाला ते कसे कळणार, ही काळजी रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श गृहस्थाला वाटली. १५५१ साली त्याने ‘द पाथवे टु नॉलेज’ हे इंग्रजीतून भूमितीचे पुस्तक काढले. त्यात लघुकोन झाला ‘शार्प कॉर्नर’, विशालकोन ‘ब्लंट कॉर्नर’, स्पर्शिका ‘टच लाइन’ आणि समांतर रेषा ‘जेमो लाइन्स’, म्हणजे जुळ्या रेषा. किती घरगुती! पण विद्वानांना घरगुती चालत नाही. त्याचे शब्द मागे पडले. लॅटिन टिकले आणि साहेबांमार्फत माझ्यापर्यंत पोचले.

हा रेकॉर्ड पेशाने डॉक्टर, पण काही काळ ब्रिस्टलच्या टाकसाळीचा कंट्रोलर होता. म्हणजे तसा आमच्याच खात्यातला. पुढे त्याने एका बड्या सरदाराविरुद्ध तक्रार केली. सरदाराने उलट बदनामीचा दावा लावला, हजार पौंडांचा भुर्दंड बसला आणि १५५८ साली बिचारा तुरुंगातच वारला. हे वाचल्यावर साहेबांविरुद्ध लिहिलेला अर्ज मी मुकाट्याने फाडून टाकला.

पण त्याची एक गोष्ट विद्वानांनाही पुसता आली नाही. मरणाच्या आदल्या वर्षी, १५५७ साली, ‘बरोबर आहे’ असे पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा येऊन त्याने दोन जुळ्या रेषा काढल्या; यांच्याइतके सारखे दुसरे काही असूच शकत नाही, म्हणून. तेच आपले बरोबरचे चिन्ह.

परवा नववीतल्या लेकीने विचारले, “बाबा, ऑब्ट्यूस अँगल म्हणजे?”

म्हटले, “बोथट कोपरा. तुझ्या बाबांसारखा.”

ती हसली, आणि तिला तो जन्मभर लक्षात राहील. मला हे कोणी नववीत सांगितले असते तर!

असो. संध्याकाळी कॅश मोजून झाली की मी कागदावर एका बाजूला एक आकडा लिहितो, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मध्ये रेकॉर्डच्या जुळ्या रेषा काढतो. त्या खऱ्या ठरल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही.